गुलाबाची पाकळी डागाळली, म्हणून लगेच फवारा नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बागेविषयीची प्रश्नोत्तरे छापून येतात. थंडी सरून ऊन चढू लागले की त्यांत गुलाबाचे प्रश्न वाढतात. कुणाच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडतात, कुणाची कळी भरते पण उमलत नाही, कुणाचा लाल गुलाब ‘अचानक पांढरट’ होतो. उत्तर मात्र बहुतेक वेळा एकच असते: अमुक बुरशीनाशक आणि तमुक कीटकनाशक एकत्र करून दर पंधरा दिवसांनी फवारा. अलीकडच्या एका उत्तरात तर डायक्लोरव्हॉस सुचवले होते. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंदी आहे. लाल कोळ्यांसाठी अजून सर्रास सांगितले जाणारे डायकोफॉलही २०२३ च्या केंद्राच्या आदेशाने बंद झाले. आम्ही काही जण हौसेने आणि काही जण पोटापाण्यासाठी गुलाब लावणारे आहोत. आमचे म्हणणे असे, की पाकळी डागाळण्याची कारणे निदान सहा-सात आहेत, त्यांतल्या निम्म्यांना औषधच लागत नाही, आणि नेमके कारण घरच्या घरी पाच मिनिटांत ओळखता येते.

सुरुवात डाग कुठे आहे इथून करावी. फक्त अगदी बाहेरची एक-दोन पाकळ्यांची जोडी हिरवट, जाडसर किंवा रेघाळलेली असेल तर तो रोग नव्हे. बहुतेक जातींत त्या पाकळ्या तशाच असतात. फूलवाले गुच्छ बांधताना त्या काढूनच टाकतात. दुसरे, न उमललेली कळी हाताने सोलून पाहावी. आतल्या पाकळ्या स्वच्छ आणि बाहेरच्या करपलेल्या असतील तर दोष बहुधा हवेचा किंवा फवाऱ्याचा. घट्ट मिटलेल्या कळीतल्या पाकळ्यांच्या कडाही तपकिरी असतील तर आत कोणीतरी बसले आहे. तिसरे, डाग वाढतो का. फूल तोडून घरात पाण्यात ठेवावे आणि एका डागाभोवती पेनाने बारीक खूण करावी. उन्हाचा किंवा औषधाचा चट्टा दुसऱ्या दिवशी तेवढाच राहतो, बुरशीचा खुणेबाहेर जातो.

आत बसलेले कोणीतरी म्हणजे दहातल्या आठ वेळा फुलकिडे. कांदा, मिरची, द्राक्ष करणाऱ्या शेतकऱ्याला यांची ओळख करून द्यायला नको. शहरातल्या गच्चीवर मात्र ते दिसतच नाहीत, कारण लांबी जेमतेम एक मिलिमीटर आणि राहायची जागा दोन पाकळ्यांच्या मधली फट. ते पाकळीची वरची त्वचा खरवडून रस ओढतात. रिकाम्या झालेल्या पेशी सुकतात आणि तिथे रेघ उमटते. पांढऱ्या, पिवळ्या, फिक्या गुलाबी फुलांवर ही रेघ तपकिरी दिसते, गडद लाल फुलांवर पांढरट किंवा चंदेरी. वाचक ‘लाल गुलाब पांढरट झाला’ म्हणतात त्यातला एक प्रकार हाच. हल्ला कोवळ्या कळीपासून असेल तर कळी वाकडी होते, अर्धी उमलून थांबते, आणि जवळची कोवळी पाने आकसून होडीसारखी वर वळतात.

खात्री करायला कोरा पांढरा कागद घ्यावा. सकाळी ऊन थोडे चढल्यावर पूर्ण उमललेले फूल कागदावर उलटे धरून पाच-सहा वेळा बोटाने टिचकी मारावी आणि अर्धा मिनिट थांबावे. परागकण आणि धूळ पडल्या जागी राहतात. पिवळट किंवा काळपट बारीक रेघ चालू लागली तर तो फुलकिडा. फूल न तोडता पाहायचे तर पाकळ्यांच्या मध्यात तोंडाने दोन-तीनदा उबदार श्वास सोडावा. लपलेले किडे अस्वस्थ होऊन वर येतात. दहापट दाखवणारे सराफी भिंग असले तर उत्तम. चार-पाच फुलांत मिळून एखादा किडा सापडला तर काही करू नये. प्रत्येक फुलातून पाच-सहा पडत असतील तर मात्र हात हलवायला हवा.

आता फवारूनही ते का जात नाहीत, हे समजून घ्यायला हवे, कारण पैसे इथेच वाया जातात. मादी अंडी पाकळीच्या किंवा पानाच्या आत घालते, तिथे स्पर्शाने मारणारे औषध पोचत नाही. पिल्ले आणि प्रौढ कळीच्या घड्यांमध्ये असतात. कोषाची अवस्था बहुतेक करून खाली मातीत किंवा पडलेल्या पाल्यात जाते. म्हणजे एका फवाऱ्यात चारांपैकी जेमतेम दोन अवस्था, आणि त्याही अर्ध्यामुर्ध्या सापडतात. उन्हाळ्यात दोन-अडीच आठवड्यांत नवी पिढी तयार होते, म्हणून ‘दर पंधरा दिवसांनी’ हे वेळापत्रक फुलकिड्यांच्याच सोयीचे आहे. मुळांतून दिलेले आंतरप्रवाही (झाडाच्या रसातून पसरणारे) औषध पानांत चांगले पोचते, पाकळ्यांत फारच कमी. म्हणून कुंडीत औषध ओतूनही पाने सुरेख आणि फुले तशीच डागाळलेली, असे दिसते.

उपाय तोडण्यापासून सुरू होतो. उमललेली सगळी फुले आणि रंग दाखवू लागलेल्या वेड्यावाकड्या कळ्या काढाव्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी दोन दिवस कडक उन्हात ठेवावी. झाडाखाली टाकू नयेत, खतखड्ड्यात तर नाहीच. कुंडीतली वरची इंचभर माती हलवून पडलेल्या पाकळ्या वेचाव्यात. निळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर लावावेत. निळा फुलकिड्यांसाठी, पिवळा पांढऱ्या माशीसाठी आणि पंख फुटलेल्या माव्यासाठी. सापळ्याने कीड संपत नाही, पण वाढते आहे की उतरते आहे ते कळते. एवढ्यावर भागले नाही तर निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळी पूड फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी पुरचुंडी पिळून एक लिटर द्रावण करावे, त्यात चिमूटभर साबणचुरा विरघळवून त्याच दिवशी संपवावे. कळीवरची हिरवी दले फाकून रंगाची रेघ दिसू लागते, तेव्हा फवारा कळीवर बसायला हवा. तीन फवारे, पाच ते सात दिवसांच्या अंतराने.

त्यानेही दाद दिली नाही तर स्पिनोसॅड हे कीटकनाशक, ४५ टक्के प्रवाही, एक लिटर पाण्याला ०.३ मिली. इथे एक चूक घरोघर होते. ०.३ मिली मोजायला घरात काही नसते, म्हणून ‘अर्धा छोटा चमचा’ घातला जातो. तो होतो अडीच मिली, म्हणजे आठपट. औषधाच्या दुकानात खुणा असलेली १ मिलीची सिरिंज मिळते. ती या कामासाठीच वेगळी ठेवावी आणि तिच्यावर तसे लिहावे. फवारा ओला असेपर्यंत स्पिनोसॅड मधमाश्यांना घातक असते, तेव्हा सूर्य मावळल्यावरच मारावे. आणि एकच औषध लागोपाठ वापरू नये. औषधाला सरावण्यात फुलकिड्यांचा हात धरणारे फार थोडे किडे आहेत.

दुसरे मोठे कारण राखाडी बुरशीचे, म्हणजे बोट्रायटिसचे. फुलकिडे कोरड्या उबेत माजतात, ही बुरशी ओल्या गारव्यात. १५ ते २० अंश तापमान आणि पाकळीवर कित्येक तास टिकणारी ओल तिला मानवते. म्हणून पुणे-नाशिकच्या बागेत ती थंडीतल्या दवात आणि श्रावणातल्या झडीत दिसते. मावळातल्या हरितगृहांत फेब्रुवारीच्या व्हॅलेंटाइन हंगामासाठी गुलाब करणारे ज्या शत्रूला सर्वांत भितात, तो हाच; कारण डाग काढणीच्या वेळी टाचणीच्या टोकाएवढा असतो आणि शीतगृहातून खोक्यात, खोक्यातून परदेशी पोचेपर्यंत अख्खी पाकळी सडते. पांढऱ्या पाकळीवर सुरुवातीला गुलाबी, गोल, कडा असलेला ठिपका उमटतो. लाल पाकळीवर तोच ठिपका फिका दिसतो. वाचक त्याला ‘रंग उडाला’ किंवा ‘जात बदलली’ म्हणतात. पुढे ठिपके एकमेकांत मिसळून तपकिरी, मऊ चट्टा होतो. फुलकिड्याची रेघ कोरडी आणि कडेपाशी, बुरशीचा चट्टा ओलसर आणि पाकळीवर कुठेही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

शंका असेल तर संशयित फूल ओल्या टिश्यू कागदासह प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घरात सावलीला ठेवावे. एक-दोन दिवसांत चट्ट्यावर राखाडी, धुरकट लव उगवली तर बोट्रायटिस पक्की. पिशवी घरातच बागेपासून दूर उघडावी, कारण त्या लवेतून हवेत उडणारे बीजाणू हजारोंनी असतात.

याला औषधाआधी हवा लागते. संध्याकाळी झारीने झाडावरून पाणी घालणे हे या बुरशीला दिलेले आमंत्रण आहे; पाणी सकाळी आणि बुंध्याशीच द्यावे. सुकलेली फुले, अर्धवट सडलेल्या कळ्या आणि छाटणीचे वाळके खुंट काढावेत, बुरशीचा मुक्काम तिथेच असतो. झाडाच्या मध्यातल्या एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढल्या की आत वारा खेळतो. कुंड्या एकमेकींना चिकटून असतील तर हातभर अंतर द्यावे. एवढे करून झाल्यावरच कॅप्टन हे बुरशीनाशक, ५० टक्के भुकटी, लिटरला २ ग्रॅम. कार्बेन्डॅझिम हे दुसरे बुरशीनाशक घरोघर असते, पण वर्षानुवर्षे तेच तेच मारल्यामुळे ही बुरशी बऱ्याच ठिकाणी त्याला दाद देत नाही.

पावसाळ्यातली न उमलणारी कळी बहुधा वेगळीच असते. भरगच्च पाकळ्यांच्या जातींत बाहेरच्या पाकळ्या पावसाने भिजतात, मध्येच ऊन पडले की वाळून एकमेकींना चिकटतात आणि आतली कळी कोंडली जाते. वरची कागदी पाकळी बोटाने हलकेच सोलली तर आतले फूल उमलते. उशीर झाला तर आत सड सुरू होते आणि मग ते बुरशीचे प्रकरण होते.

उन्हाचा चट्टा ओळखायला सर्वांत सोपा. एप्रिल-मेमध्ये गडद लाल जातींच्या पाकळ्यांची टोके काळी, कुरकुरीत होतात, तीही फक्त पश्चिमेकडच्या आणि वरच्या अंगाला. गच्चीवर भिंतीला टेकून ठेवलेल्या कुंड्यांत हे जास्त, कारण भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली असते. दुपारी १२ ते ४ पन्नास टक्के सावलीचे जाळे आणि मुळाशी पालापाचोळ्याचे आच्छादन, बस्स. फवाऱ्यानेही पाकळ्या भाजतात: तेलयुक्त औषध भर उन्हात मारले, किंवा दोन औषधे अंदाजाने एकत्र केली, की दुसऱ्याच दिवशी सगळ्या फुलांवर एकाच बाजूने, एकाच वयाचे ठिपके येतात आणि नवी कळी स्वच्छ उमलते. यावर पुन्हा फवारा मारणारे लोक आहेत! आणि पाकळीबरोबर जुन्या पानांच्या कडाही जळालेल्या असतील तर बोअरवेलच्या खारट पाण्याकडे पाहावे. कुंडीच्या काठावर पांढरा थर बसला असेल तर दुसरा पुरावा नको. खत थांबवून कुंडीच्या तिप्पट गोडे पाणी सावकाश ओतून खालून वाहू द्यावे.

काही बदल तर निव्वळ स्वभावाचे. लाल फूल जुने होताना निळसर-जांभळे पडते, कारण पाकळीच्या पेशींतला रस कमी आम्ल होत जातो आणि लाल रंगद्रव्य त्याप्रमाणे छटा बदलते. ‘डबल डिलाइट’ या जातीचे फूल सायीच्या रंगाचे उमलते आणि ऊन लागेल तसे कडेने लाल होत जाते. सावलीतल्या बाल्कनीत ते फिके राहिले तर दोष झाडाचा नाही. तेच झाड उन्हाळ्यात लहान, फिकट फुले देते आणि डिसेंबरात भरदार, गडद.

‘लाल गुलाब बदलून बारीक गुलाबी-पांढऱ्या फुलांचा झाला’ ही तक्रार मात्र गंभीर घ्यावी. आपल्याकडे रोपवाटिकेतला गुलाब रानटी खुंटावर डोळा भरून, म्हणजे चांगल्या जातीची कळी कलम करून, केलेला असतो. डोळ्याच्या खालून खुंटाची फूट निघाली आणि वाढू दिली, तर ती सगळा जोर खाते आणि वरची चांगली जात उपाशी मरते. ही फूट फिकट हिरवी, सरळसोट, बहुधा कमी काट्यांची असते आणि तिच्या पानात अनेकदा पाचाऐवजी सात पर्णिका (एका देठावरची छोटी पाने) असतात. निव्वळ पर्णिका मोजून फांदी उडवू नये, चांगल्या जातींतही सात सापडतात. माती बाजूला करून ती नेमकी कुठून निघाली ते पाहावे. खालून असेल तर कात्रीने कापू नये, कापली की दोन येतात. जिथून निघाली तिथून खाली ओढून उपटावी.

आता खाणारे किडे. पाकळ्या अक्षरशः कुरतडलेल्या असतील तर वेळ पाहावी. दिवसाढवळ्या, पावसाळा उतरताना, काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेले ढालपंखी किडे फुलात बसून पाकळ्या खाताना दिसले तर ते हिंगे. शेजारच्या जास्वंदीवरही ते असतात. त्यांना उघड्या हाताने चिरडू नये, त्यांच्या रसाने कातडीला फोड येतात. जाड हातमोजे घालून किंवा काठीने साबणाच्या पाण्यात पाडावे. वळवाच्या पावसानंतर रात्रीतून पानांची चाळण झाली आणि दिवसा काहीच सापडत नाही, तर ते हुमणीचे भुंगेरे. अंधार पडल्यावर विजेरी घेऊन गेले की फांदी हलवून रॉकेलमिश्रित पाण्यात गोळा करता येतात. कळीला एकच गोल भोक आणि त्याच्या तोंडाशी ओली विष्ठा असेल तर आत घाटे अळी आहे. ती कळी तोडून नष्ट करावी, अख्ख्या बागेवर फवारा नको. आणि पानाच्या कडेला कंपासने काढल्यासारखे स्वच्छ अर्धगोल कापलेले दिसले तर ती पान कापणारी मधमाशी, घरट्यासाठी तुकडे नेणारी. तिला काहीही करू नये.

मावा थंडीत कोवळ्या देठांवर दाटतो. पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस मारला की बहुतेक जातो, उरलेला ढालकिडे खातात. लाल कोळी उन्हाळ्यात पानाच्या खालच्या बाजूला असतात, वरून पान पांढऱ्या बारीक ठिपक्यांनी निस्तेज दिसते आणि पुढे जाळी धरते. त्यांना आठ पाय असतात, ते कीटक नव्हेत. म्हणून साधी कीटकनाशके त्यांना मारत नाहीत, उलट त्यांना खाणारे मित्रकिडे मारून त्यांची चंगळ करतात. पानांची खालची बाजू पाण्याने धुणे हा पहिला उपाय. पाण्यात मिसळणारे गंधक ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम, चालते. पण पारा ३२ अंशांच्या वर असताना मारले तर पाने जळतात, आणि कोळी नेमके तेव्हाच येतात. तेव्हा ते फेब्रुवारीतच, पहिले ठिपके दिसताच मारावे. जुन्या फांद्यांवर लालसर-करड्या खवल्यांचा थर (खवले कीड) असेल तर तो दात घासायच्या जुन्या ब्रशने खरवडावा आणि ऑक्टोबरच्या छाटणीत त्या फांद्या काढून जाळाव्यात. छाटलेल्या टोकांना बोर्डो मलम लावावे: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी, दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र. लोखंडी भांडे नको, मोरचूद त्याला खातो.

एक गोष्ट आपल्या सदरात कधीच छापली जात नाही, ती इथे सांगतो. ज्या घरात गावठी गुलाबाचा गुलकंद होतो, तिथे त्या झाडावर कोणतेही रासायनिक औषध मारू नये, मुळाशी ओतूही नये. आंतरप्रवाही औषध झाडात कित्येक आठवडे राहते आणि धुऊन जात नाही. बाजारातून आणलेल्या फुलांचा किंवा नुकत्याच आणलेल्या रोपाच्या फुलांचा गुलकंदही करू नये.

आपल्याकडून दोन अपेक्षा आहेत. प्रश्न पाठवणाऱ्या वाचकांकडून तीन छायाचित्रे मागवावीत: सोललेल्या कळीचे, पानाच्या खालच्या बाजूचे आणि बुंध्यासह पूर्ण झाडाचे. सोबत महिना आणि गाव. आणि उत्तरात औषध सुचवायचेच असेल तर व्यापारी नावाऐवजी मूळ घटक, टक्केवारी आणि लिटरला किती, हे छापावे, आणि छापण्याआधी ते औषध आज विक्रीला कायदेशीर आहे का, हे तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारून घ्यावे.

आपले,
गुलाब लावणारे काही वाचक, पुणे